माझी मोगुरा हटाव मोहीम

पहिला ढीग दिसला तो एप्रिलच्या बारा तारखेला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण रोज सहा वाजून दहा मिनिटांनी मी चहाचा कप घेऊन पडवीत उभा राहतो आणि माझ्या हिरवळीकडे बघतो. निवृत्त माणसाला दिवसातून एकदा तरी कशाकडे तरी मालकाच्या नजरेनं बघावं लागतं. घराच्या आत तशी सोय नाही.

हिरवळीच्या बरोब्बर मधोमध भाताचा वाडगा पालथा घातल्यासारखा काळ्या मातीचा ढीग होता. माती कशी, तर चाळून ठेवल्यासारखी बारीक. मी कप खाली ठेवला आणि बायकोला हाक मारली. हिसाए आली, तिनं बघितलं आणि म्हणाली, "मोगुरा आलाय."

"आपल्याकडे? मोगुरा?"

"मग काय पत्र पाठवून परवानगी मागेल?"

मोगुरा म्हणजे जेमतेम वीतभर लांबीचा, मखमली अंगाचा, डोळ्यांनी जवळजवळ आंधळा आणि हातांच्या जागी दोन फावडी घेऊन जन्माला आलेला प्राणी. आयुष्यभर जमिनीखाली बोगदे खणतो आणि गांडुळं खातो. त्यातून उरलेली माती तो आमच्यासारख्या सभ्य लोकांच्या अंगणात वर ढकलून देतो. कुणाला दिसत नाही, कुणाला भेटत नाही. आमच्या खात्यात असे दोन साहेब होते.

एरवी मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण बरोब्बर चार आठवड्यांनी, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, माझे होणारे व्याही घरी येणार होते. खरं तर दोन्हीकडच्या आईबापांची पहिली भेट हॉटेलच्या बंद खोलीत होते. दोन्ही बाजू तीन तास गुडघे दुमडून बसतात, पायाला मुंग्या येतात, आणि संबंध पक्का होतो. सगळ्यांना सोयीचं असतं. पण आमच्या मुलीनं, चिनात्सुनं, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी त्याला अर्धा तास हिरवळ दाखवली. तो म्हणाला, "आमचे बाबा गोल्फच्या मैदानावर गवताचे मुख्य आहेत. अठरा होलचं सगळं गवत त्यांच्याकडे. त्यांना हे बघायला फार आवडेल." जिभेला हाड नसतं. मी म्हणालो, "मग घरीच घेऊन या की."

तेव्हापासून गल्लीत असा एकही माणूस उरला नव्हता ज्याला माझे व्याही गोल्फच्या मैदानाचे मुख्य आहेत हे मी सांगितलेलं नव्हतं. पोस्टमनलासुद्धा माहीत होतं. अठरा होलवाला माणूस माझी हिरवळ बघायला येणार, आणि हिरवळीच्या मध्यभागी ढीग. मुलीच्या बापाचं नाक कुठे ठेवायचं, एवढाच प्रश्न होता.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे, आणि ती सांगताना माझी मान अजूनही थोडी ताठ होते. मी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं गळती शोधण्याचं काम केलं. लांब लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, आणि मीटरभर खाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. मी खडूनं फुली मारायचो आणि खणणारे तिथेच खणायचे. खात्यात त्याला 'तोकुनागाचा कान' म्हणत. निवृत्त होताना बाकीच्यांना घड्याळ मिळालं. मला माझीच सळई लाकडी पेटीत घालून, वर फीत बांधून दिली. तर जमिनीखाली काय चाललंय हे ज्याला विचारायला अख्खं शहर यायचं, त्याच्याच अंगणात जमिनीखालून कुणीतरी टिंगल करत होतं.

पहिला सल्ला डाव्या कुंपणावरून आला. तिथे मुनाकाता आजी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, कंबर वाकलेली, आवाज मात्र ताठ. त्यांच्या वाफ्यात मुळा, बटाटे, कोबी आणि त्या सगळ्यांच्या वर काठ्यांवर लावलेली प्लास्टिकच्या बाटल्यांची भिरभिरी.

"यंदा मोगुरा तुमच्याकडे येणारच होता," आजी म्हणाल्या.

"का हो?"

"जानेवारीत जमीन कुणी बडवली नाही. पूर्वी चौदा तारखेला पोरं बांबूला पेंढा बांधून दारोदार अंगणं बडवत यायची. तांदळाची चिकट मोची खायला घ्यायची, जायची. आता या गल्लीत सगळ्यात लहान कोण, तर तुम्ही. आणि तुम्ही काय बडवता?"

मी म्हणालो, शास्त्रीय उपाय सांगा. त्यांनी भिरभिऱ्यांकडे बोट दाखवलं. वाऱ्यानं बाटली फिरते, काठी थरथरते, थरथर जमिनीत जाते, मोगुरा वैतागून निघून जातो. मला हे पटलं. काठीतून जमिनीचा आवाज वर येतो यावर मी पोट भरलं होतं, मग वरून खाली का नाही जाणार? मी तीन दिवस बाटल्या कापत बसलो. बावीस भिरभिरी झाली.

पण आमच्या गल्लीत आवाज करण्याआधी माफी मागायची असते. म्हणून मी दोन्ही शेजाऱ्यांकडे गोड पदार्थांचा एकेक डबा घेऊन गेलो, कमरेत वाकलो आणि होणाऱ्या त्रासाबद्दल आगाऊ क्षमा मागितली. आता डबा घेतला की परत काहीतरी द्यावं लागतं. उजवीकडच्या इसोगाईसाननी सुक्या अळंब्यांचा पुडा दिला. मुनाकाता आजींनी बांबूचे कोंब दिले. असे तसे नाहीत, सात, आणि प्रत्येक माझ्या मांडीएवढा. नऊ दिवस आमच्या घरात कोंबाची आमटी, कोंबाचा भात आणि कोंबाबद्दल बोलणं याशिवाय काही झालं नाही.

"मोगुरा बरा होता," हिसाए म्हणाली. "तो निदान शिजवावा लागत नव्हता."

भिरभिरी लावली आणि वारा सुटला. बावीस बाटल्या एकदम फिरल्या तेव्हा मोगुऱ्याचं काय झालं माहीत नाही, पण समोरच्या घरातलं मांजर दोन दिवस जेवलं नाही. चौथ्या दिवशी इसोगाईसान स्वतः गल्लीची फिरती फाईल घेऊन आले. ही फाईल घरोघर जाते, प्रत्येकानं वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. इसोगाईसान या वर्षीचे गल्लीप्रमुख. आयुष्यभर विमा कंपनीत होते. तक्रार कशी करावी हे कुणी त्यांच्याकडून शिकावं.

"तोकुनागासान, तुमच्या बागेत किती उत्साह आहे हो," ते म्हणाले. "आम्हाला घरात बसून कळतं. दुपारी जरा आडवं झालो तरी कळतं."

फाईलमध्ये सूचना होती: 'अलीकडे काही घरांतून फिरत्या वस्तूंचा आनंददायी ध्वनी येत असल्याचे समजते. संबंधितांना वाऱ्याच्या दिवशी विशेष शुभेच्छा.' मी शिक्का मारला, भिरभिरी काढली आणि माफीचा दुसरा डबा घेऊन गेलो. दुसऱ्या डब्याच्या बदल्यात अजून अळंब्या आल्या. दरम्यान हिरवळीवर आणखी दोन ढीग आले होते. त्यातला एक भिरभिऱ्याच्या काठीला टेकूनच होता.

मग मी ठरवलं की सापळा लावायचा. पण मी सरकारी माणूस, नियम विचारल्याशिवाय हात चालत नाही. (पुढे तुम्हाला कळेलच की हात नियम न विचारताही चालले होते. पण ते पुढे.) मी नगरपालिकेत गेलो. खिडकीमागे एक चष्मेवाले गृहस्थ होते, त्यांनी मला बसायला सांगितलं आणि फॉर्म काढला.

"मोगुरा वन्य प्राण्यांत मोडतो," ते म्हणाले. "पकडायला परवानगी लागते. नुकसानीचे फोटो, जागेचा नकाशा, पकडण्याची पद्धत, आणि किती नग."

"एक."

"एकच आहे कशावरून?"

"ढिगांवरून."

"तीन ढीग म्हणालात. तीन मोगुरे नसतील कशावरून?"

"तीन ढीग घालायला तीन मोगुरे लागत नाहीत हो. एक माणूससुद्धा तीन फॉर्म भरतो."

त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी फॉर्मवर 'अंदाजे' असं लिहिलं आणि मग एकदम मान वर करून विचारलं, "जागा म्हणजे हिरवळ आहे की शेत?"

"हिरवळ."

"अरेरे. शेत असतं तर परवानगीच लागली नसती. शेतीला त्रास देणारा मोगुरा धरता येतो. हिरवळ म्हणजे नुसती शोभा. शोभेला कायद्यात तेवढी जागा नाही."

मी घरी आलो, दोरी लावली आणि माझ्या हिरवळीच्या कडेची दोन हात रुंद पट्टी उपटून तिथे कांद्याची पात लावली. कायद्याच्या नजरेत मी आता शेतकरी होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्यामुळे नव्हतं. हिसाए मात्र खूश झाली. ती रोज संध्याकाळी कात्री घेऊन यायची आणि म्हणायची, "तुमच्या शेतातनं थोडी पात नेते हं." सापळ्यात तीन दिवसांत एक बेडूक सापडला. त्याला कुठल्या फॉर्मवर सोडायचं ते मी विचारायला गेलो नाही.

आता मी लाकडी पेटी उघडली. म्हटलं, फार झालं शेजाऱ्यांचं आणि सरकारचं. माझा कान आहे. बोगदा नेमका कुठून जातो ते ऐकून काढतो. सकाळी रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आधी मी हिरवळीवर सळई टेकवली, कान लावला, डोळे मिटले.

खालून आवाज आला. बारीक, सलग, कुठेही न तुटणारा, दातांतून श्वास सोडल्यासारखा.

तुम्ही मला विचाराल, एकतीस वर्षं रोज जो आवाज ऐकला तो ओळखू आला नाही का? आला. लगेच आला. मोगुरा खणताना थांबतो, ऐकतो, परत खणतो. न थांबता, जेवणाची सुट्टी न घेता, चोवीस तास एकच सूर लावणारी जमिनीखाली एकच गोष्ट असते, ती म्हणजे गळका पाइप. मी उठलो, गुडघे झटकले आणि पडवीत उभ्या असलेल्या बायकोला म्हणालो, "सापडला. मोगुराच आहे. खणतोय."

असं का म्हणालो, तर तो पाइप मी घातला होता. गेल्या शरद ऋतूत बाहेरचा नळ हिरवळीच्या कोपऱ्यात न्यायचा होता. पाण्याच्या पाइपाला परवानाधारक ठेकेदारच बोलवावा लागतो. खात्यात असताना हा नियम मी शेकडो लोकांना बोट नाचवून सांगितला होता. तरी एका रविवारी मी स्वतः खणलं, स्वतः पाइप घातला, स्वतः सांधे जोडले, वर हिरवळ लावली आणि महिनाभर सगळ्यांना सांगत फिरलो की ठेकेदाराची काय गरज, ज्याचं आयुष्य पाइपात गेलं त्याला. नियम अडाण्यांसाठी असतात, असं माझं त्या वेळचं मत होतं.

आठवड्यानं मीटर वाचायला येणारी बाई दारात चिठ्ठी टाकून गेली. पाण्याचा वापर नेहमीच्या अडीचपट, गळतीची शक्यता, कृपया तपासून घ्यावे. खाली माझ्याच खात्याचा शिक्का. हिसाएनं ती मोठ्यानं वाचली.

"तुमच्या खात्याला वाटतंय आपल्याकडे गळती आहे."

"खात्याला काय कळतंय. मी निघालो तेव्हापासून तिथे ऐकणारा माणूस उरलाय कुठे? तू कोंब उकडलेस ना नऊ दिवस, त्याचं पाणी ते."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि चिठ्ठी फ्रिजवर चुंबकानं लावली. भांडणात न बोलता जिंकण्याची तिची ही जुनी पद्धत आहे. मी मनाशी हिशेब केला: उरलेत दहा दिवस. आता खणायचं तर अख्खी हिरवळ उलथी करावी लागेल. खात्यात बातमी गेली तर तोकुनागाच्या कानाचं हसं होईल, आणि बेकायदा पाइपाचं काय होईल ते वेगळंच. रविवार होऊन जाऊ दे. व्याही बघून जाऊ देत. तोवर जे काही आहे ते मोगुरा.

एकदा मोगुरा म्हटलं की मोगुऱ्याचे उपाय नाकारता येत नाहीत. मुनाकाता आजी इसोगाईसानना घेऊन आल्या. आजींचं म्हणणं, जानेवारीचं राहिलेलं बडवणं आता करून टाकू. इसोगाईसानचं म्हणणं, जानेवारीचा सण मे महिन्यात करायला फाईलमधून सगळ्यांची संमती लागेल. दोन दिवसांत अकरा शिक्के गोळा झाले. इतकी एकी मी या गल्लीत कचऱ्याच्या वेळापत्रकावरही पाहिली नव्हती.

शनिवारी सकाळी सात जण जमले. सरासरी वय बहात्तर. प्रत्येकाच्या हातात बांबू आणि त्याच्या टोकाला पेंढ्याची गच्च बांधलेली मोळी. सुरू करण्याआधी एक अडचण निघाली. बडवताना मोगुऱ्याला 'शेजारी जा' म्हणायचं असतं.

"कुठल्या शेजारी?" इसोगाईसान नम्रपणे म्हणाले. "कारण एका बाजूला मी आहे."

"दुसऱ्या बाजूला मी," आजी म्हणाल्या. "माझ्याकडे आला तरी चालेल हो, माझे बटाटे निघालेत."

"छे छे, आजी, तुम्हाला कसा पाठवणार? माझ्याकडेच येऊ दे."

"नाही हो, तुमचे गुलाब आहेत."

या आग्रहात पंचवीस मिनिटं गेली. शेवटी इसोगाईसाननी तोडगा काढला की मोगुऱ्याला शहराच्या हद्दीबाहेर जायला सांगावं. मग सात जणांनी "हद्दीबाहेर जा, मोगुऱ्या, हद्दीबाहेर जा" म्हणत माझी हिरवळ बडवायला सुरुवात केली. आणि कुठे? तर जिथे मी आवाज ऐकला म्हणालो होतो तिथेच. मी स्वतः बोटानं जागा दाखवली होती. प्रत्येक दणका माझ्या सांध्यावर बसत होता. आजींचा जोर तर बघण्यासारखा होता. मी मधे मधे "जरा हळू" म्हणत होतो, तर आजी म्हणाल्या, "दया कसली करता? शत्रू आहे तो."

सगळे मोची खाऊन गेले आणि मी सळई टेकवली. आवाज आता बारीक नव्हता.

दुपारी चिनात्सु आली. पिशव्या पडवीत ठेवून ती चपला घालून हिरवळीवर उतरली, दोन पावलं चालली आणि थांबली.

"बाबा, हे ओलं का आहे?"

"दव आहे."

"दुपारी तीनला?"

मी म्हणालो की डोंगराकडच्या बाजूला असं होतं. लहानपणी ही पोरगी माझ्या सळईला कान लावून माझ्याबरोबर अंगणात फिरायची. तिनं खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पिशव्या उचलून आत गेली. काही बोलली असती तर बरं झालं असतं. रात्रभर मला नीट झोप लागली नाही.

रविवारी माझे होणारे व्याही, वाकिसाकासान, आले. बारीक चणीचा, उन्हानं रापलेला, काळा सूट घातलेला माणूस. हातात मिठाईचा डबा. त्यांची बायको, मुलगा, आम्ही तिघं, सगळे बाहेरच्या खोलीत गुडघे दुमडून बसलो. शुभप्रसंग म्हणून हिसाएनं मिठातल्या चेरीच्या फुलांचा चहा केला होता. बोलणं छान चाललं होतं, म्हणजे कुणीच काही बोलत नव्हतं. मग मुलगा म्हणाला, "बाबा, हिरवळ बघायची होती ना तुम्हाला?"

वाकिसाकासान खाली उतरले. मी मागे. त्यांनी कांद्याची पात बघितली, तीन ढीग बघितले, आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता खाली बसून गवतावर तळहात दाबला. हात उचलला तेव्हा त्या जागी पाणी साचलं होतं. ते उठले आणि एक पाऊल पुढे टाकलं, तर बूट घोट्यापर्यंत आत गेला. त्यांनी तो हळूच बाहेर काढला. आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"पाणी जरा जास्त होतंय का इथे?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "ओल असली की गांडुळं येतात. गांडुळांमागे मोगुरे. म्हणून विचारलं."

म्हणजे मोगुरा खरा होता, आणि त्याला आमंत्रण मी दिलं होतं. हे मला, ज्याचं आयुष्य पाइपात गेलं त्याला, एक महिना सुचलं नव्हतं.

मी तोंड उघडायच्या आत डाव्या कुंपणावरून मुनाकाता आजींचा आवाज आला. "काल काय पाऊस झाला हो इकडे. अंगणभर पाणी."

उजव्या कुंपणामागून इसोगाईसान म्हणाले, "हो ना. धो धो. आमच्याकडेही."

नऊ दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता. पडवीतून हिसाए म्हणाली, "छपराचं सगळं पाणी इथेच उतरतं." वाकिसाकासाननी मान डोलावली. "असं होय. पाऊस. बरोबर." म्हणजे झालं. सगळ्यांनी मिळून माझं नाक जागच्या जागी ठेवलं होतं. मला फक्त मान डोलवायची होती. मी पडवीकडे बघितलं, तर चिनात्सु माझ्याकडेच बघत होती. रागानं नाही. लहानपणी सळईला कान लावून 'ऐकू आलं का बाबा' विचारताना बघायची तशी. मला एकदम माझीच लाज वाटली, इतकी की पायाखालचं थंड पाणी मोज्यात शिरलेलं मला बऱ्याच वेळानं कळलं.

"पाऊस झालेला नाही," मी म्हणालो. "ही गळती आहे. पाइप मी घातला. परवाना नसताना घातला. दोन आठवडे मला आवाज येतोय आणि मी सगळ्यांना मोगुरा म्हणून सांगतोय. या सगळ्यांनी काल माझ्या शब्दावर विश्वास ठेवून इथे बांबू बडवले."

 कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी मुंडकी हळूहळू खाली गेली. वाकिसाकासाननी त्यांच्या बायकोकडे बघितलं. तिनं मांडीवरचा रुमाल घट्ट धरला. मग त्यांनी कोट काढला, घडी करून पडवीत ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली आणि विचारलं, "फावडं आहे का दुसरं?"

मी मुख्य झडप बंद केली आणि आम्ही दोघं खणायला लागलो. एका सुटातला माणूस आणि दुसऱ्या सुटातला माणूस, मधे माझी चार आठवडे जपलेली हिरवळ तुकड्यातुकड्यांनी बाजूला पडत होती. त्यांचा हात बघण्यासारखा होता. गवताचा तुकडा मुळांसकट उचलायचा, सावलीत ठेवायचा, परत लावता येईल असा. 

अर्ध्या तासानं फावडं टेकवून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तोकुनागासान, आमचं मैदान बंद झालंय. दोन वर्षं झाली. आता तिथे सगळीकडे सौर पॅनेल आहेत. मी त्याखालचं गवत कापतो. ठेक्यावर."

मी थांबलो.

"मुलानं तुम्हाला मुख्य म्हणून सांगितलं. त्याला तसं सांगायला आवडतं. आज मी सांगणारच होतो. बायको म्हणाली, जेवण होऊ द्या. मग ही हिरवळ बघितली आणि वाटलं, नकोच सांगायला. निदान गवताबद्दल तरी आपल्याला कळतं असं यांना वाटू दे."

त्यांच्या अंगावर चिखल उडाला होता आणि कपाळावरून घाम चालला होता.  माझ्या बोलण्यात टोमणे भरपूर असतात, पण त्या वेळी एकही हाताशी आला नाही. पोस्टमनपासून सगळ्यांना मी सांगितलेलं आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नेमक्या त्याच वेळी इसोगाईसानचं मुंडकं कुंपणावर परत आलं.

"वाकिसाकासान," ते कमरेत वाकून म्हणाले, "तुमच्यासारख्या मैदानाच्या मुख्यांना विचारायचं धाडस करतो. आमच्या बागेतलं गवत जरा..."

मी पुढे होऊन काहीतरी थाप मारणार होतो. वाकिसाकासाननीच सरळ उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मैदान बंद झालं. मी आता सौर पॅनेलखालचं गवत कापतो."

 इसोगाईसानचा विमा कंपनीतला सगळा अनुभव चेहऱ्यावर गोळा झालेला दिसला.

"म्हणजे सावलीतलं गवत," ते म्हणाले. "आमच्याकडे सावलीच आहे. मग तर तुम्हीच हवेत." आणि ते अजून खाली वाकले, इतके की कुंपणामागे दिसेनासे झाले.

पडवीत कुणीतरी हसलं. चिनात्सु असावी, किंवा वाकिसाकांची बायको. मी खड्ड्यात वाकलो आणि चिखलात हात घातला. पाइप हाताला लागला, त्याच्यावरून बोटं सरकवत गेलो आणि सांध्याची चीर सापडली. मान वर करून मी त्यांना पहिल्यांदाच नावानं हाक न मारता म्हणालो, "व्याही, पाय जरा बाजूला घ्या. इथेच आहे."